प्रकाशाच्या नाक्यावरची जकात

इ. स. १९२८ च्या ऑगस्ट महिन्यापासून ‘अमेझिंग स्टोरीज’ या अमेरिकन मासिकात ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, आणि मनुष्याला ताऱ्याताऱ्यांमधून हिंडवून आणण्याची जी प्रथा पुढे विज्ञानकथेत रूढ झाली तिचा पाया या कादंबरीने घातला असे सामान्यतः मानले जाते. तिचे प्रमुख कर्ते ई. ई. स्मिथ हे व्यवसायाने अन्नरसायनज्ञ होते. डोनट नावाच्या तळलेल्या गोड पदार्थासाठी तयार पिठे सिद्ध करणे हा त्यांच्या चरितार्थाचा उद्योग. त्यांच्या कथेतील यान तांब्याच्या दांड्यात कोंडलेली शक्ती मोकळी करून चालते, आणि एका प्रसंगी ते बेलगाम होऊन सूर्यमालेबाहेर इतके दूर निघून जाते की, कापलेल्या अंतराचा हिशेब मांडताच प्रकाशवेगाची मर्यादा कधीच मागे पडल्याचे आतल्या मंडळींस उमगते. मग आइनस्टाइनच्या सिद्धान्ताची वाट काय, अशी शंका निघते. त्यावर नायक सीटन याने दिलेले उत्तर मोठे मासलेवाईक आहे: तो सिद्धान्त होय, आणि आपण मोजलेले अंतर ही वस्तुस्थिती होय, एवढे सांगून तो पुढल्या कामास लागतो. भौतिकशास्त्रातील सर्वांत कडक निर्बंधाची इतक्या थोडक्यात बोळवण दुसऱ्या कोणी केली असेल असे वाटत नाही.

निर्बंध मात्र खरोखरच कडक आहे. १९०५ साली मांडल्या गेलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धान्तानुसार, वस्तूचा वेग जसजसा प्रकाशवेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटरच्या, निकट जातो, तसतशी तिला आणखी थोडी गती देण्यास लागणारी ऊर्जा बेसुमार वाढत जाते, आणि प्रत्यक्ष त्या वेगास पोचावयाचे तर ती अनंत लागते. जिनीव्हानजीक सेर्न संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात प्रोटॉनसारखा क्षुद्र कण प्रकाशवेगाच्या ९९.९९९९९९ टक्क्यांपर्यंत नेता येतो; उरलेला लेशमात्र अंश मात्र साऱ्या जगाची वीज ओतली तरी भरून निघावयाचा नाही. २०११ साली इटलीतील ग्रान सासो येथे, भूगर्भातून ७३० किलोमीटर अंतर कापून आलेले न्यूट्रिनो कण प्रकाशाहून ६० अब्जांश सेकंद आधी पोचल्याची वार्ता उठली, वृत्तपत्रांनी आइनस्टाइनच्या पराभवाचे मथळे छापले, आणि काही महिन्यांनी मोजणीच्या यंत्रणेतील एक प्रकाशतंतूची तार सैल बसल्याचे उघडकीस येऊन जुने फर्मान पुन्हा कायम झाले.

प्रकाशवेगाचा हा नाका इतका अडचणीचा का वाटावा, हे अंतरांकडे पाहिल्यावर कळते. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ साली पृथ्वी सोडून गेलेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले असून, त्या गतीने तेवढे अंतर तोडावयास त्याला ७५,००० वर्षे लागतील. (ते त्या दिशेने चाललेलेच नाही, ही गोष्ट अलाहिदा.) आपली आकाशगंगा तर सुमारे एक लक्ष प्रकाशवर्षे रुंद. अशा विस्तारात राज्ये, कट, प्रेमप्रकरणे आणि लढाया घडवून आणावयाच्या असतील, तर लेखकाला नाक्यापलीकडे जाण्याची काही ना काही सोय करणे प्राप्तच आहे.

या सोयींची तुलना बहुधा यंत्रांच्या नावांवरून किंवा वेगांच्या आकड्यांवरून केली जाते. आमच्या मते तो खटाटोप व्यर्थ होय, कारण यंत्र सर्वांचेच काल्पनिक आणि आकडे मनास येतील तसे. पाहावयाचे ते हे की, नाका ओलांडू देताना लेखकाने जकात कोणती घेतली आणि ती कोणाच्या पदरी घातली. कारण पलीकडच्या मुलखात साम्राज्य नांदेल की विखुरलेली खेडी, दर्यावर्दींचा दिमाख राहील की मक्तेदारांचा जुलूम, हे सारे त्या एका कलमावर ठरते. स्मिथने जकात चुकवून माल पलीकडे नेला. त्यामुळे त्याच्या विश्वात गती वाढतच जाते, शस्त्रे मोठी होतच जातात, आणि कथेला धरबंध म्हणून राहत नाही.

आयझॅक असिमॉव्हने १ ऑगस्ट १९४१ रोजी जी कल्पना योजिली, ती गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासावर बेतलेली होती. ‘फाउंडेशन’ मालिकेतील साम्राज्यात अडीच कोटी वसलेली जगे आहेत, आणि जेथे हुकूम पोचावयास हजारो वर्षे लागतात तेथे सुभेदार नेमण्यात हशील नाही हे उघड आहे. म्हणून त्याने अतिअवकाशातून घेतलेली ‘झेप’ पत्करली: यान एका ठिकाणी नाहीसे होते आणि तत्क्षणी दुसरीकडे प्रकट होते. गाल डॉर्निक हा तरुण गणिती राजधानी ट्रँटरला प्रथमच निघालेला असताना या झेपेची उत्सुकतेने वाट पाहतो, आणि त्याला जाणवतो तो पोटात बसलेला एक किरकोळ हिसका. जकात म्हणून एवढेच! असिमॉव्हला रस साम्राज्याच्या ऱ्हासात होता, प्रवासात नव्हता. म्हणून त्याने रस्ता गुळगुळीत करून टाकला.

परंतु याच लेखकाने १९४५ साली लिहिलेल्या, आणि पुढे ‘आय, रोबोट’ या संग्रहात ‘एस्केप!’ या नावाने आलेल्या एका कथेत त्याच झेपेचा जो हिशेब मांडला आहे, तो मला त्याच्या साऱ्या साम्राज्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. एका कंपनीचे विचारयंत्र तारकायानाचा प्रश्न सोडवता सोडवता मोडून पडते. ती कंपनी तोच प्रश्न प्रतिस्पर्धी कंपनीच्या यंत्राकडे पाठवते, आणि विचारयंत्रांवर बंधनकारक असलेल्या, मानवाला इजा होऊ देऊ नये या पहिल्या नियमाशीच कोठेतरी गाठ पडत असली पाहिजे, हे ओळखून तेथली यंत्रमानसतज्ज्ञ डॉ. सुसान काल्व्हिन त्या लहान मुलासारख्या स्वभावाच्या यंत्राला आधीच समजावून ठेवते की, मरणाचा प्रसंग आला तरी बिचकू नकोस. यंत्र यान बांधून देते. पॉवेल आणि डोनोव्हन हे कंपनीचे दोघे नोकर तपासणीसाठी आत शिरतात, तोच यान आपोआप सुटते. आत सुकाणू नाही, अंथरूण नाही, आणि खावयास पाहावे तर डबेच्या डबे भरून नुसत्या शेंगांच्या बिया आणि दूध. झेपेच्या क्षणी दोघांनाही परलोकाची भ्रमिष्ट स्वप्ने पडतात. उलगडा असा की, त्या क्षणापुरते प्रवासी अस्तित्वातच नसतात, अर्थात मरतात आणि पुन्हा जिवंत होतात. आणि हे सत्य पचवताना बिचाऱ्या यंत्राचा तोल किंचित ढळून ते थट्टेखोर बनलेले असते. मृत्यूचे एवढे तत्त्वज्ञान शेंगांच्या डब्यांआडून सांगणे, ही त्या लेखकाची खरी हातोटी.

रॉबर्ट हाइनलाइन नौदलातून आलेला, म्हणून त्याची जकात दर्यावर्दी माणसाच्या कसबावर बसलेली आहे. त्याच्या १९५३ च्या ‘स्टारमॅन जोन्स’ या कादंबरीत एक रुमाल घडी घालून दाखवला जातो, म्हणजे वस्त्रावर दूर असलेले दोन बिंदू एकमेकांस कसे चिकटतात ते समजावे. परंतु त्या बिंदूतून यान पार नेण्यासाठी अधिकाऱ्याला जाडजूड कोष्टकांची पुस्तके उघडून भराभर आकडे काढून द्यावे लागतात, ही पुस्तके त्या धंद्याच्या श्रेणीबाहेर कोणास मिळत नाहीत, आणि ती एके दिवशी नाहीशी होताच, चुलत्याची कोष्टके तोंडपाठ असलेला एक शेतकऱ्याचा पोर साऱ्या जहाजाचा तारणहार ठरतो. ताऱ्यांमधून धावणाऱ्या जहाजावर लॉगॅरिथमच्या पुस्तकासारखा प्रकार पाहून आजच्या वाचकास हसू येते, पण आकडेमोड चुकली तर परतीचा मार्ग कायमचा हरवतो हे भय त्या पानांतून जितके खरे वाटते, तितके पुढच्या काळातील चकचकीत गणकयंत्रांतून वाटत नाही.

१९६६ साली दूरचित्रवाणीवर अवतरलेल्या ‘स्टार ट्रेक’ने झेप सोडून देऊन सरळ चाल पत्करली. त्यातील ‘वॉर्प’ यंत्र द्रव्य व प्रतिद्रव्य यांच्या मीलनातून शक्ती घेऊन अवकाशालाच वाकवते, आणि पहिल्या मालिकेच्या निर्मात्यांच्या संकेतानुसार वॉर्पच्या अंकाचा घन म्हणजे प्रकाशवेगाची पट. सहाव्या अंकाला २१६ पट, नवव्याला ७२९ पट. हे आकडे दिसतात त्याहून विचारपूर्वक बेतलेले आहेत. २१६ पट वेगाने शेजारचा तारा आठवड्याभराच्या वाटेवर येतो, पण ७२९ पट वेगानेही आकाशगंगा आडवी ओलांडावयास १३७ वर्षे लागतात. म्हणजे शेजार आहे आणि सरहद्दही आहे, अनोळखी मुलूख आयुष्याला पुरून उरेल एवढा आहे. १९९५ मध्ये सुरू झालेली ‘व्हॉयेजर’ ही मालिका याच मर्यादेवर उभी आहे: जहाज ७०,००० प्रकाशवर्षे दूर भिरकावले जाते आणि परतीला ७५ वर्षे लागतील असा हिशेब पहिल्याच भागात मांडला जातो. कथेच्या सोयीसाठी मधल्या भागांत जहाजे वाटेल तेव्हा वाटेल तेथे पोचतात, हेही खरेच. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’विषयी तर फार लिहिण्याचे कारण नाही, त्यात अंतराचे एकक असलेला पार्सेक वेळेच्या बढाईसाठी वापरला गेला, आणि २०१८ साली त्याच्या समर्थनार्थ एका स्वतंत्र चित्रपटात प्रसंग रचावा लागला.

लॅरी निव्हन आणि जेरी पूर्नेल यांची १९७४ ची ‘द मोट इन गॉड्स आय’ ही कादंबरी या साऱ्यांत स्थापत्याच्या दृष्टीने सर्वांत पक्की. तिच्यातील प्रवासाचे नियम जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील डॅन आल्डरसन या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने ठरवले गेले आणि त्याचेच नाव त्या यंत्रास दिले गेले. दोन ताऱ्यांच्या दरम्यान ठराविक बिंदू असतात. त्या बिंदूवर गेल्यास क्षणात पलीकडे, अन्यत्र कोठेही गेल्यास काहीच नाही. झेपेनंतर काही वेळ माणसेही भ्रमिष्ट होतात आणि गणकयंत्रेही, म्हणून पलीकडे दबा धरून बसलेल्या शत्रूला ती घटका सापडते. एवढ्या दोन कलमांनी अफाट आकाशाला एकाएकी खिंडी, सामुद्रधुन्या आणि नाकेबंदी प्राप्त होते.

त्यातून या लेखकांनी जो पेच काढला तो दाद देण्यासारखा आहे. ‘मोट’ नावाच्या ताऱ्याभोवती राहणारी जात बुद्धीने मानवाच्या वरचढ, पण तिच्या शरीराचा धर्म असा की, वेळेवर संतती न झाल्यास प्राणी मरतो. त्यामुळे लोकसंख्या फुगते, युद्ध होते, संस्कृती कोसळते आणि पुन्हा उभी राहते, असे रहाटगाडगे कित्येक सहस्रके चाललेले. त्यांनाही यंत्राचा शोध लागलेला आहे. मात्र त्यांच्या ताऱ्यापासून बाहेर पडण्याचा एकुलता एक बिंदू एका तांबड्या महाराक्षसी ताऱ्याच्या पोटात उघडतो, आणि संरक्षक क्षेत्राची विद्या त्यांच्याजवळ नसल्याने धाडलेले प्रत्येक यान जळून खाक होते. जो गेला तो परत आला नाही, यापलीकडे त्यांना काहीच कळत नाही. म्हणून त्या जागेचे नावच त्यांनी, अशक्याच्या मागे लागणाऱ्या एका लोककथेतील वेड्याच्या नावावरून, ‘क्रेझी एडी’चा बिंदू असे ठेवले आहे. त्या जातीशी मानवाची गाठ पडते ती प्रकाशाच्या शिडावर पिढ्यान्‌पिढ्या तरंगत आलेल्या एका संथ यानामुळे. पुढची सारी राजनीती, मैत्री, फसवणूक आणि अखेरीस त्या बिंदूच्या तोंडाशी बसवलेला आरमारी पहारा, या भूगोलातून ओघाने निघते. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ने (१९६५) हीच जकात मक्त्याने दिली: विचारयंत्रे निषिद्ध, मार्ग पाहण्याची शक्ती एका मसाल्याच्या व्यसनाने मिळणारी, मसाला एकाच वाळवंटी ग्रहावर, तेव्हा त्या ग्रहाचा कब्जा ज्याचा त्याच्या हाती बादशहाची मान.

काही लेखकांनी नाका ओलांडण्याचेच नाकारले, किंवा ओलांडूनही काळाची जकात पुरेपूर वसूल केली. प्रकाशवेगाच्या लगत जाणाऱ्या प्रवाशाचे घड्याळ मागे राहिलेल्यांच्या मानाने मंद चालते, ही प्रयोगसिद्ध गोष्ट आहे. जो हाल्डमन व्हिएतनामच्या युद्धात जखमी होऊन परतला आणि १९७४ साली त्याने ‘द फॉरएव्हर वॉर’ लिहिली. तिच्यातील सैनिक प्रत्येक मोहिमेनंतर परततो तो दशके, शतके उलटलेल्या जगात, थकलेला पगार व्याजासह हाती पडतो, पण भाषा, चालीरीती आणि माणसे परकी झालेली असतात. एवढेच काय, समोर उभा ठाकणारा शत्रू आपल्या भविष्यकाळातील हत्यारे घेऊन आलेला असू शकतो. अर्सुला ल ग्विनची सेम्ली ही राजस्त्री वंशपरंपरेचा कंठा परत आणावयास जाते. तिच्या लेखी प्रवास एका लांब रात्रीचा. परतते तेव्हा पती निवर्तलेला आणि तान्ही ठेवून गेलेली मुलगी तिच्याच वयाची झालेली असते. आपल्याकडील वाचकास येथे ककुद्मी राजाची आठवण झाल्यावाचून राहत नाही, जो रेवतीसाठी वर विचारावयास ब्रह्मलोकी गेला आणि गायन संपेपर्यंत थांबला तोवर खाली २७ चतुर्युगे लोटून मनात योजलेले सारे वर इतिहासजमा झाले. यावरून पुराणकारांस सापेक्षता ठाऊक होती असा निष्कर्ष काढणाऱ्यांच्या पंगतीस बसण्याची माझी तयारी नाही. फार दूर गेलेल्यास आपले समकालीन पुन्हा भेटत नाहीत, एवढे मर्म मात्र त्यांनी हेरले होते.

ल ग्विनने १९६६ च्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’मध्ये आणखी एक पाऊल टाकले. जिवंत माणसाने प्रकाशाच्या आतच राहावे, पण ‘अँसिबल’ या यंत्राने त्याचा शब्द मात्र कितीही अंतरावर तत्काळ पोचावा. मुंबईने याची धाकटी आवृत्ती १८७० साली अनुभवली, जेव्हा एडनमार्गे समुद्राखालून आलेली तार किनाऱ्याला लागली. विलायतेची आगबोट तीन आठवडे घेई आणि लिव्हरपूलचा कापसाचा भाव त्याच्या कितीतरी आधी येऊन बसे. जेथे माल संथ आणि वार्ता शीघ्र, तेथे साम्राज्याला फौज पाठवणे परवडत नाही, सल्लामसलत तेवढी परवडते. ल ग्विनच्या जगांचा सैलसर, वाटाघाटींनी चालणारा संघ त्यातून आला आहे.

शास्त्रज्ञांनी या कथांकडे दुर्लक्ष केले असे मुळीच नाही. कार्ल सेगनला ‘कॉन्टॅक्ट’ (१९८५) या कादंबरीच्या नायिकेला कृष्णविवरातून पाठवावयाचे होते. त्याने भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नचा सल्ला घेतला, आणि कृष्णविवरात कोणी वाचणार नाही, त्याऐवजी अवकाशातील दोन दूरच्या जागा जोडणारे कृमिविवर योजावे, असे थॉर्नने सुचवले. मग थॉर्नलाच त्या प्रश्नाचा छंद लागला. १९८८ साली त्याने आणि मायकेल मॉरिसने लिहिलेल्या शोधनिबंधात, असे विवर उघडे राहण्यासाठी ऋण ऊर्जेचे द्रव्य लागेल असे दाखवले आहे. १९९४ साली मिगेल आल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकज्ञाने कार्डिफ येथे असताना व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांत खरोखरच एक वॉर्प बसवून दाखवला: यानापुढचे अवकाश आकुंचित, मागचे प्रसृत, आणि मधल्या बुडबुड्यात यान स्वस्थ. येथेही ऋण ऊर्जा हवीच, आणि ती किती याचा हिशेब १९९७ साली झाला तेव्हा आकडा दृश्य विश्वाच्या समग्र वस्तुमानाहून मोठा निघाला. शिवाय बुडबुड्याच्या अग्रभागापर्यंत आतून संदेशच पोचत नसल्याने आतल्या कप्तानाला तो थांबवता येत नाही, ही अडचण वेगळी.

ऊर्जेची टंचाई ही तूर्त क्षम्य मानली, तरी कार्यकारणभावाचा दावा उरतो, आणि बहुतेक कथाकार त्याची दखल घेत नाहीत. सापेक्षतेत ‘आत्ता’ सर्वांचे एक नसते. एका यानाच्या घड्याळाप्रमाणे तत्क्षणी पोचलेला संदेश, त्याच्या मानाने वेगाने चाललेल्या दुसऱ्या यानाच्या घड्याळाप्रमाणे निघण्यापूर्वीच पोचलेला ठरू शकतो. आता दुसऱ्यानेही त्याच रीतीने तत्काळ उत्तर धाडले, तर ते पहिल्याने प्रश्न विचारण्याच्या आधी त्याच्या हाती पडू शकते. रिचर्ड टोलमनने १९१७ सालीच हे दाखवून दिले होते. १९६२ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात बिलानियुक, व्ही. के. देशपांडे आणि पूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले ई. सी. जी. सुदर्शन यांनी जन्मतःच प्रकाशाहून शीघ्र अशा कणांची शक्यता मांडली. त्यासाठी सुदर्शन दृष्टान्त देत तो असा की, हिमालय कोणी ओलांडत नाही म्हणून उत्तरेस वस्तीच नाही असे म्हणणे चुकीचे. तिकडची माणसे तिकडेच जन्मली. पाच वर्षांनी गेराल्ड फाइनबर्गने या कणांना टॅकिऑन हे नाव दिले. ते आजवर कोणास सापडलेले नाहीत. आणि सापडले तर भूतकाळात तार करण्याची सोय झाली, या धाग्यावर ग्रेगरी बेनफर्डने १९८० साली ‘टाइमस्केप’ रचली.

परंतु हा दावा मुळापासून चालवला तो जेम्स ब्लिशने, १९५४ सालच्या ‘बीप’ या कथेत. तिच्यातील डिरॅक यंत्र कोठूनही कोठेही तत्काळ बोलते. प्रत्येक संदेशाच्या आरंभी मात्र एक क्षुल्लक, कर्कश टूं असा ध्वनी निघतो, ज्याकडे प्रथम कोणीच लक्ष देत नाही. तो ध्वनी संथ करून ऐकता, त्यात त्या यंत्रावरून आजवर पाठवले गेलेले आणि पुढे कधीही पाठवले जाणारे सर्व संदेश एकावर एक दडलेले आहेत असे आढळते. भविष्याचे सारे दफ्तर सरकारच्या हाती येते. त्या सरकारचे गुप्त खाते मग काय करते? भविष्य बदलत नाही. दफ्तरात नोंदले आहे ते नोंदल्याप्रमाणे घडते की नाही एवढे पाहते, आणि त्यासाठी, ठरल्या दिवशी ठरल्या कोपऱ्यावर एका ठराविक तरुणाची एका ठराविक तरुणीशी गाठ पडावी, म्हणून कामगिरीवर हुजऱ्या पाठवते.